'कॉन्व्हेंट म्हणजे लावारिसांची शाळा' हे आमच्या आईच्या मोबाइलवर आलं तेव्हा

गेल्या गुरुवारी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून आई माझ्या खोलीत आली, ती मोबाइल हातात धरूनच. तिच्या मोबाइलवरची अक्षरं इतकी मोठी केलेली आहेत की पडद्यावर एका वेळी चारच ओळी मावतात. म्हणाली, "हे बघ गे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर काय आलंय. मी वाचलं सगळं, खरं हे खरं असंल काय?" (पहिला 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगावबाहेरच्यांसाठी सांगितलं.)

मजकूर जुनाच. वर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. थोडक्यात असा: युरोपात लग्न ही गोष्टच नव्हती, माणसं तशीच एकत्र राहत, त्यातून झालेली मुलं चर्चच्या दारात टाकून जात. त्या 'लावारिस' मुलांसाठी ज्या शाळा निघाल्या त्या कॉन्व्हेंट. त्यांना आईबाप नव्हते म्हणून तिथे मदर, फादर, सिस्टर, ब्रदर ही नावं. मग मॅकॉलेनं आपली गुरुकुलं मोडली आणि इंग्रजांनी १८४२ मध्ये कलकत्त्यात पहिली कॉन्व्हेंट काढली. त्याआधी दक्षिणेत शंभर टक्के साक्षरता होती, हे खुद्द थॉमस मन्रो सांगून गेला. शेवटी तुम्हा-आम्हाला प्रश्न: आईबाप जिवंत असताना आपली मुलं अनाथालयात का घालता?

माझी मुलगी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत आहे. तेव्हा ती त्याच टेबलावर नकाशात नद्या भरत होती. आईच्या त्या चार ओळी तिनं माझ्याआधी वाचल्या आणि विचारलं, "आई, लावारिस म्हणजे?"

म्हणून हे लिहितेय. नाहीतर असल्या मजकुरांना उत्तरं द्यायला मला वेळ नाही.

आधी शब्दाचं बघू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. लॅटिनमध्ये 'कोन्व्हेन्तुस' म्हणजे एकत्र जमणं, जमलेली मंडळी. 'कन्व्हेन्शन' त्याच घरातला. व्रत घेतलेल्या बायका जिथे मिळून राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट. आपला मठच. त्या घराच्या आवारात शाळा निघाली आणि लोकांनी घराचं नाव शाळेला चिकटवलं. शिवबसवनगरात नागनूर रुद्राक्षी मठाच्या शिक्षणसंस्था आहेत. तिथे इंजिनिअरिंग करणाऱ्या पोराला 'बैराग्याचा पोरगा' असं कुणी म्हणतं का?

मदर, सिस्टरचं तर आणखीच सोपं. हॉस्पिटलात सलाईन संपलं की आपण "सिस्टर, ओ सिस्टर" अशी हाक मारतो, तेव्हा ती बाई काही अनाथ नसते आणि आपणही नसतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणणारे वारकरी पोरके असतात काय? आमच्याकडे तर कंडक्टर अण्णा, भाजीवाली मावशी, शेजारीण अक्का. नात्याची हाक परक्याला मारायची सवय जितकी आपल्याला आहे तितकी जगात कुणाला नसेल, आणि आपल्यालाच हे विचित्र वाटावं!

आता तो 'लावारिस' शब्द. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

यात अर्धं खरं आहे, ते कबूल करते. टाकलेल्या मुलांसाठी युरोपात मोठमोठी घरं होती. फ्लॉरेन्समधलं १४४५ मध्ये सुरू झालं, ते रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघानं बांधलेलं. लंडनमधल्या घराला १७३९ मध्ये सनद मिळाली, ती थॉमस कोरम नावाच्या जहाजाच्या कप्तानानं खटपट करून मिळवलेली. दोन्हींपैकी एकही नन्सनी काढलेलं नव्हतं. पण पुढे पुष्कळ कॉन्व्हेंटांनी अनाथालयं चालवली, आजही चालवतात. मुंबईत माहीम-अंधेरीला ज्यांच्या शाळा आहेत त्या कनोशियन सिस्टर्सची संस्थापिका मॅग्डलिन ऑफ कनोसा ही इटलीतल्या व्हेरोना गावची सरदारघराण्यातली बाई. १८०८ मध्ये वाडा सोडून ती गावातल्या सगळ्यात दरिद्री वस्तीत, सान झेनोत, मुलींना घेऊन राहायला गेली. मुली गरीब होत्या, काही रस्त्यावरच्या होत्या. खरं आहे. मग?

लाज कशाची आहे यात? आणि कुणाची?

ज्या भजनी मंडळात हा मजकूर फिरतोय ते दर वर्षी पंढरपूरला जातं. त्याच पंढरपुरात १८७५ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरात तसंच गृह काढलं होतं. तिथे येणाऱ्या बायका युरोपातून आल्या नव्हत्या. आपल्याच घरातल्या, केशवपन करून माजघरात बसवलेल्या पोरसवदा विधवा होत्या त्या. दिवस गेले की विहीर जवळ करायची किंवा जन्मलेल्या बाळाच्या नरड्याला नख लावायचं, एवढे दोनच रस्ते त्यांच्यापुढे ठेवलेले होते. तिसरा रस्ता ज्यांनी काढला त्यांना आपण पूजतो, आणि तेच काम नन्सनी केलं की त्या मुलांना शिवी बनवतो. बरं, शिवी कुणाला लागते? ज्यानं मजकूर लिहिला त्याला नाही. सिस्टरांना तर नाहीच, त्यांनी याहून वाईट ऐकलेलं असतं. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी खरोखरच आजीकडे वाढतेय. हा मजकूर कुणाच्या तरी मोबाइलवरून वर्गात पोचणारच आहे, आणि पोचला की त्या पोरीकडे सगळी बाकं वळून बघणार आहेत.

'युरोपात लग्नच नव्हतं' याला काय उत्तर द्यायचं! पोपनं लग्न मोडू दिलं नाही म्हणून इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमशी संबंधच तोडला. लग्नाच्या बाबतीत इतकं कडक धर्मपीठ, आणि त्याच्याच नन्सच्या नावावर हे खपवायचं.

त्याच हेन्रीनं पुढे आणखी एक गोष्ट केली, ती या मजकुराच्या मुळावरच येते. १५३६ ते १५४० या चार वर्षांत त्यानं इंग्लंडमधले सगळे मठ आणि कॉन्व्हेंटं बंद पाडली आणि जमिनी खालसा केल्या. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं इंग्लंडमध्ये उघडपणे कॉन्व्हेंट चालवायची सोय नव्हती. यॉर्कमध्ये १६८६ पासून एक चालू होतं, तेही मुलींची शाळा असल्याचं दाखवून आणि नन्सना साधे कपडे घालायला लावून. म्हणजे ज्या इंग्रजांनी आपल्या देशात कॉन्व्हेंट टिकू दिलं नाही त्यांनी ते मुद्दाम बोटीत घालून आपल्याला बिघडवायला आणलं, असं आपण समजायचं.

कॉन्व्हेंट शाळा आल्या त्या बऱ्याचशा आयर्लंडमधून, आणि आयर्लंडची गत तेव्हा आपल्यासारखीच होती. इंग्रजांच्या कायद्यानं तिथे कॅथलिक माणसाला शाळा चालवायला बंदी होती. नॅनो नेगल नावाच्या बाईनं १७५० नंतरच्या दशकात कॉर्क शहरात गरीब मुलांसाठी चोरून शाळा काढल्या. पकडली गेली असती तर तुरुंग होता. तिनं पुढे स्थापन केलेल्या प्रेझेंटेशन संघाच्या सिस्टर्स १८४२ मध्ये मद्रासला आल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात लोरेटोच्या सिस्टर्सनी शाळा काढली, त्याही आयरिशच. तेवढं १८४२ साल मजकुरात बरोबर आहे. घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

'पहिलं कॉन्व्हेंट' मात्र तेही नव्हे. चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्याला जा. आपण सेंट झेवियरचं शव बघायला जातो तिथून थोडं चढावर सांता मोनिकाची दगडी इमारत आहे. ते नन्सचं कॉन्व्हेंट, १६०६ मध्ये सुरू झालेलं, इमारत १६२७ ला पुरी झाली. तिथे प्रवेश घ्यायला हुंडा द्यावा लागे, लग्नात देतात तसा. बड्या पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली असत. लावारिस म्हणे!

मॅकॉलेचं उरकते. 'मी भारतभर फिरलो, मला एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही' हे त्याचं ब्रिटिश संसदेतलं भाषण म्हणून जे फिरतं त्याच्यावर तारीख असते २ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी मॅकॉले कलकत्त्यात होता. १८३४ मध्ये आला तो १८३८ पर्यंत इकडेच. त्या तारखेचं त्याचं टिपण आहे, त्यात आपल्या विद्येबद्दल उर्मट वाक्यं भरपूर आहेत, रागवायला ती पुरेत. खोटं भाषण रचायची गरज काय होती? आणि मजकुरात मन्रोसारखाच साक्षीला आणलेला एक 'जी. डब्ल्यू. लूथर' आहे, तो म्हणजे लाहोरचे शिक्षणतज्ज्ञ लाइटनर. ज्याला साक्षीला बोलावलं त्याचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही.

आता मन्रो. इथे मला खरी मजा वाटली, कारण हा मन्रो आपला ओळखीचा आहे. एप्रिल १८१८ मध्ये तीनेक आठवडे वेढा घालून बेळगावचा किल्ला ज्यानं पेशव्यांकडून घेतला तोच हा. पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्यानं इलाख्यातल्या शाळांची मोजणी करवली. १० मार्च १८२६ चं त्याचं टिपण मी बसून वाचलं. इलाख्याची लोकसंख्या १,२८,५०,९४१. शाळा १२,४९८. विद्यार्थी १,८८,६५०. म्हणजे मन्रोच्याच आकड्यांनी साधारण ६८ माणसांत एक. शंभर टक्के कुठून आले ते मजकूरवाल्यालाच ठाऊक.

पण इथेही हात आखडता घेत नाही. मन्रो पुढे म्हणतो की शाळेच्या वयाचे मुलगेच धरले आणि घरी शिकणारे मिळवले तर तिघांत जवळपास एक मुलगा शिकत होता, आणि हे प्रमाण काही काळापूर्वीच्या बहुतेक युरोपीय देशांपेक्षा चांगलं आहे. म्हणजे आपल्या गावोगावी पंतोजी होते, शाळा होत्या, आणि कंपनीच्या राज्यात त्या वाळत गेल्या. हे खरं दुखणं आहे आणि ते नीट मांडावं. फक्त मांडताना 'मुलगे' हा शब्द गिळू नये. त्या १,८८,६५० मध्ये मुली किती होत्या? ४,५४०. शंभरात तीनसुद्धा नाहीत.

आईला हा आकडा सांगितला. ती खानापूरकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. चौथीनंतर शाळा नदीपलीकडे होती. भावांना पाठवलं, तिला नाही. तिनं आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, "तवा पन नाही, आनि आमच्या वेळेला पन नाही."

कॉन्व्हेंटची बाजू घेतेय म्हणून सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. मीही कॉन्व्हेंटातच शिकले. आमच्या वेळी आवारात मराठी बोललं की पंचवीस पैसे दंड. पाचवीत असताना पायरीवरून घसरले आणि तोंडातून "अय्या!" निघालं, तर दंड. हा शब्द आहे की नुसता आवाज यावर मी वाद घातला, त्याचे आणखी पंचवीस. त्याच सिस्टर मधल्या सुटीत फाटकावर मासेवालीशी बांगड्याच्या भावावरून खणखणीत कोकणीत हुज्जत घालायच्या, त्यांना कोण दंड करणार! घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि आपली भाषा कुठेच अभिमानानं बोलायची नाही, हा आम्हा सीमाभागातल्या पोरांवर झालेला अन्याय आहे. त्यावर कुणी मजकूर लिहिला तर मी स्वतः फॉरवर्ड करीन. फी वाढत चालली आहे, त्यावरही लिहा.

खरं त्याच सिस्टरांनी मला काज करायला शिकवलं. वाकडं झालं की कात्रीच्या टोकानं टाके उसवायच्या आणि कापड परत हातात द्यायच्या. एकच काज तीन वेळा. चौथ्यांदा जमलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, बटण त्यातून आरपार घालून बघितलं आणि पुढच्या मुलीकडे गेल्या. गेल्या रविवारी मुलीच्या युनिफॉर्मचं काज फाटलं होतं, ते घातलं तर टाके त्यांच्यासारखेच पडले.

मुलीला 'लावारिस'चा अर्थ सांगितला. ज्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही तो. ती म्हणाली, "मग मजकूरच लावारिस आहे की. खाली कुणाचं नावच नाही."

हे सगळं लहान करून, मन्रोच्या आकड्यांसकट, आईच्या मोबाइलवरून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दोघींनी हात जोडले, एकीनं तुळशीचं चित्र पाठवलं. काल सकाळी तोच मजकूर परत आला, या खेपेला शहापूरच्या मामांकडून. आईनं चष्मा लावला, वाचला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. "त्याला तू लिहू नको," म्हणाली. "मीच फोन करतो. त्याच्या दोन्ही पोरी कुठल्या शाळेत शिकल्या, ते मला ठाव हाय."