पुढच्या ओळीत कोण उभं राहणार, ते मी ठरवणार

आज सकाळी एक फोन आला आणि माझं डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

माझ्या बेली डान्सच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे, हे माझ्या स्टेटसमुळे तुम्हा सगळ्यांना पाठ झालंय. तर ज्या गृहस्थांनी बॅनर, फुलं आणि चहा-वड्याचा खर्च उचलायचं कबूल केलं होतं, त्यांनी रिहर्सलचा व्हिडिओ पाहिला. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण पुढच्या ओळीत जरा प्रेझेंटेबल मुली घ्या ना. त्या डावीकडच्या काकूंना मागे टाका. फोटोत बरं दिसेल. आमचंही नाव लागतंय."

आता या डावीकडच्या काकूंबद्दल सांगते, नाव न घेता. पन्नाशी उलटल्यावर क्लासला आल्या. घरी सराव कुठे करता विचारलं तर म्हणाल्या, "ओट्याला धरून. कुकर लावला की तेवढाच वेळ माझा." मक्सूमचा ठेका, दुम तक तक, दुम तक, त्या पोळ्या लाटताना मोजायच्या. गेल्या वर्षी त्यांचा पहिला कार्यक्रम. नाण्यांचा पट्टा बांधून, गजरा माळून ग्रीनरूममध्ये तयार बसल्या होत्या. तेवढ्यात भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाई हसत हसत म्हणाल्या, "अगंबाई, एवढं पोट घेऊन स्टेजवर?" बस. तिसरी घंटा झाली आणि काकू म्हणाल्या, "मॅडम, मी नाही जात."

ग्रुप त्यांच्याशिवाय गेला. बाकीच्या बायकांनी आपसात न ठरवता त्यांची जागा रिकामीच ठेवली, मधोमध. काकू विंगेत थांबल्या आणि तिथेच, अंधारात, तो अख्खा नाच त्यांनी केला. नंतर पडदा ओढणारे मामा मला म्हणाले, "बाई, ती विंगेतली एकदाही चुकली नाही बघा. स्टेजवरच्या दोघी चुकल्या."

आणि हे गृहस्थ म्हणतात, मागे टाका.

मुळात कार्यक्रम विद्यार्थिनींचा आहे. तो माझा शो नाही, कुणाच्या शोरूमची जाहिरातही नाही. वर्षभर ज्यांनी फी भरून, सासूची औषधं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसची ऑडिट सांभाळून 'माया' नावाचा उभा आठ आकडा नितंबाने काढायला शिकून घेतला, त्यांचा तो दिवस. तुम्हाला त्यात प्रेझेंटेबल काय ते दिसत नसेल तर तुमच्या डोळ्यांचा नंबर तपासा.

आणि हा नाच कुणाचा आहे, हे तरी ठाऊक असावं. इजिप्तमध्ये लग्नाघरी, बैठकीच्या खोलीत, आत्या-मावश्या-आज्या कमरेला ओढणी गुंडाळून जो नाचतात तो हा. बारीक कमरेची अट तिथे कुणी घालत नाही. त्याला रंगमंच, वाद्यवृंद आणि झगमगीत पोशाख मिळाला तो क्लबांमध्ये. १९२६ मध्ये बदिया मसाबनी या नर्तकीने कैरोत आपला क्लब काढला; सामिया गमाल आणि ताहिया कारिओका या नर्तकी तिथूनच नावारूपाला आल्या. पुढची फिफी अब्दू घ्या. भरल्या अंगाची बाई, पायघोळ गलाबिया घालून, जागच्या जागी उभी राहून शिमी, म्हणजे कमरेची थरथर, करायची आणि सगळं सभागृह खिशात टाकायची. तिला कुणी "जरा मागे या" म्हणून दाखवलं असतं तर मला बघायला आवडलं असतं.

पोट दिसणार का, ही चिंता असलेल्यांसाठीही सांगते, कारण तो प्रश्न मला इनबॉक्समध्ये रोज येतो. खुद्द इजिप्तमध्ये नर्तकीने पोट उघडं ठेवू नये असा नियम १९५० च्या दशकात आला, म्हणून तिकडे पोटावर जाळी लावतात. माझ्या निम्म्या बायका अंगाच्या रंगाची जाळी शिवून घेतात, निम्म्या घेत नाहीत. ज्याची त्याची मर्जी. लावणीचे "खास महिलांसाठी" प्रयोग हाउसफुल्ल करणाऱ्या या शहराला माझ्याच कार्यक्रमाच्या वेळी संस्कृती आठवते, याची गंमत वाटते. नाही, गंमत नाही, संताप येतो.

हा संताप फक्त फोनचा नाही, खरं तर. हॉलच्या ऑफिसात फॉर्मवर "बेली डान्स" लिहिलं की समोरचा पेन खाली ठेवतो. "फॅमिली प्रोग्राम आहे ना मॅडम?" हो, फॅमिलीच आहे, चार जणींच्या तर सुनाही त्यांच्यासोबत नाचतायत. लाइटवाला न विचारता लाल लाइट मारतो, वर म्हणतो, मूड येतो. अहो, शिमी गुडघ्यातून येते. लाल अंधारात गुडघे दिसत नाहीत, नुसती छाती आणि पोट दिसतं, आणि मग लोक म्हणतात की या नाचात दुसरं आहे काय! मला पांढरा आणि अंबर, म्हणजे पिवळसर, लाइट हवा. दर वर्षी हेच भांडण.

बाकी कामं विचारूच नका. गाण्यांच्या लायसन्सचे पैसे, साउंडवाल्यासाठी नंबर टाकून पेन ड्राइव्ह, शिवाय एक जादा पेन ड्राइव्ह पर्समध्ये. अनवाणी नाचायचं म्हणून स्टेज ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि आधीच्या नाटकाच्या सेटचे खिळे हाताने चाचपायचे. विंगेत थांबताना नाण्यांचे पट्टे ओढणीत घट्ट गुंडाळायचे, नाहीतर स्टेजवर हळुवार तक्सीम, म्हणजे एकट्या वाद्याचा आलाप, चालू आणि आत खुळखुळाट. सेफ्टी पिनांचा अख्खा डबा. तो कधीच पुरत नाही.

बरं, कोणी म्हणेल, पास विकतेस तर लोकांना बघण्यासारखं द्यायला नको का? द्यायला हवं. म्हणूनच ड्रम सोलो मी जुन्या, मुरलेल्या विद्यार्थिनीला देते, पहिल्या वर्षाच्या मुलीला नाही. झालं समाधान?

पण काकू पुढे आहेत त्या दयेपोटी नाहीत. हे त्या गृहस्थांना मी फोनवर सांगू शकले नाही, कारण तोपर्यंत माझा आवाज चढला होता. नाचाच्या मध्यावर सगळा ग्रुप डाव्या बाजूला तोंड करतो. त्या क्षणी जी डाव्या टोकाला असेल ती सगळ्यांना दिसते, आणि सगळ्या तिच्यावरून ठेका पकडतात. तिथे कधीच न चुकणारी बाई लागते. माझ्या ग्रुपमध्ये तशी एकच आहे. विंगेत, अंधारात, कुणी बघत नसताना जी चुकली नाही ती. तिला मागे टाकलं तर तुमच्या त्या प्रेझेंटेबल मुली कुणाकडे बघून वळतील?

तो माणूस वाईट नाही, एवढं म्हणते. गेल्या वर्षी वीज गेली तेव्हा जनरेटरची सोय त्यांनीच केली होती, ते मी विसरलेले नाही. त्यांना बहुधा वाटलं की आपण मदतच करतोय. बायकांच्या अंगाबद्दल बोलणाऱ्या सगळ्यांना तसंच वाटतं. ग्रीनरूममधल्या त्या बाईंनाही तसंच वाटलं असणार.

काकूंना मी या फोनबद्दल काही सांगितलेलं नाही आणि तुमच्यापैकी ज्यांनी ओळखलं असेल त्यांनीही तोंड बंद ठेवा. काल त्यांनी मला विचारलं, "मॅडम, यंदा जाळी नको लावू का? फार उकडतं हो त्यात." मी म्हटलं, नका लावू. त्यावर बराच वेळ आम्ही दोघी त्यांच्या पट्ट्याचा हूक कुठे शिवायचा यावर बोलत बसलो, कारण कंबर एका इंचाने वाढलीय आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

तर, बॅनरचे पैसे मी दुपारीच परत पाठवले. बॅनर होणार नाही. वडे होणार नाहीत, चहा होईल. फुलांचं आमच्यातल्याच एकीने अंगावर घेतलंय. हॉलच्या भाड्यात जो खड्डा पडलाय तो पासांतून भरायचाय, त्यामुळे यंदा फुकट पास कुणालाही नाही, माझ्या सख्ख्या भावालाही नाही. दोनशे रुपये. मेसेज करा, शुक्रवारपर्यंत घरपोच देते. शिट्ट्या नकोत, टाळ्या हव्यात. अरब बायका जीभ हलवून लुलुलुलु करतात तसं करायचं असेल तर दारातच आमच्या मुली शिकवतील. आणि आपल्या घरची बाई नाचून झाली की उठून पार्किंगकडे पळणारे जे आहात, तुम्ही कृपया मागच्या ओळीत बसा. काकूंचा ग्रुप शेवटून दुसरा आहे.