नाव तीनदा विचारलं म्हणून हॉस्पिटल सोडू नका

‘हॉस्पिटल निवडताना सावधान!’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. वाईट हॉस्पिटल ओळखायच्या पाच खुणा त्यात दिल्यात. दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्यालाही तो कुणीतरी पाठवला, नेमका मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भुवईवर केलेली पेनाची खूण तिने ओल्या रुमालाने घासून पुसली आणि नाव विचारणाऱ्या सिस्टरवरच डाफरली, “फायलीत लिहिलंय ना सगळं?” मी स्वतः ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर आहे. आता गप्प बसवत नाही.

पहिली खूण म्हणे, ‘स्टाफ तुमचं नाव आणि ऑपरेशन परत परत विचारत असेल तर तिथे कुणाला काही माहीत नाही, सरळ उठून दुसरीकडे जा.’ ज्याने हे लिहिलं त्याने मोतीबिंदूची लिस्ट कधी पाहिलेली नाही. एका सकाळी दहा-बारा पेशंट, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बडोद्यात त्यात दोन कोकिळाबेन निघाल्या तर नवल नाही. डोक्याला टोपी, वरून हिरवी चादर, उघडा फक्त एक डोळा. त्या डोळ्यावरून सख्खा मुलगासुद्धा आईला ओळखणार नाही. आणि आत बसवायच्या लेन्सचा नंबर प्रत्येकीचा वेगळा, डोळ्याची लांबी मोजून आधीच काढलेला. एकीची लेन्स दुसरीला बसली तर ऑपरेशन कितीही सफाईने होवो, बाईंना धूसरच दिसणार.

विचारायचीही पद्धत आहे. “तुम्ही कोकिळाबेन ना?” असं विचारायचं नाही. घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा, कुठला डोळा?” असं विचारायचं आणि उत्तर फाईल, खूण आणि लेन्सच्या डबीशी ताडून बघायचं. तेव्हा फाईल वाचलेली असते, बरं का. ती याच बाईंची आहे का, हेच तर बघायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी याच कामाची आहे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने तपासायची. ती 8 शहरांतल्या 8 हॉस्पिटलांत वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, मोठी गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. ती ऑपरेशनं मोतीबिंदूपेक्षा मोठी होती, हे मान्य. पण चुकीच्या माणसावर किंवा चुकीच्या बाजूला हात पडू नये, हा हेतू दोन्हीकडे एकच.

दुसरी खूण, ‘अंगावर पेनाने खुणा करतात.’ करतात. डावं-उजवं चुकू नये म्हणून. पुढे.

तिसरी वाचून डोकंच फिरलं: ‘नर्स डॉक्टरला टोकत असेल तर तिथे शिस्त नाही.’ अमेरिकेत मिशिगनच्या आयसीयूंमध्ये नर्सना नेमकं तेच करायला सांगितलं होतं. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणं, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं अशा पाच गोष्टी ठरवल्या. डॉक्टर एखादी विसरला आणि इमर्जन्सी नसली, तर नर्सने त्याला थांबवायचं. तीन महिन्यांत तिथल्या नळीच्या जंतुसंसर्गाचा मध्यक दर, दर हजार नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस शिरेत राहिली की एक नळी-दिवस), 2.7 वरून शून्यावर आला, म्हणजे निदान निम्म्या आयसीयूंत एकही संसर्ग नाही. हे 2006 साली छापून आलंय. आपल्याकडे “सर, ग्लोव्हज बदला” म्हणताना नव्या पोरीचा आवाज कापतो, आणि हा मेसेज तिला आणखी गप्प करतो.

चौथी खूण, ‘नर्स नुसते फॉर्म भरत बसतात.’ इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. हॉस्पिटलची तपासणी जवळ आली की रात्री बसून बरोबरच्या खुणा मारलेल्या यादीला काही अर्थ नसतो. कॅनडात ओंटारियोच्या 101 हॉस्पिटलांत ऑपरेशनची अशीच यादी लागू झाली, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. तो अभ्यास 2014 चा. यादी लादली म्हणजे स्टाफने ती मनापासून वापरली असं होत नाही. पण म्हणून यादीच फेकून द्या, असं त्यातून निघत नाही.

आणि शेवटची, ‘सुधारणा मोठे डॉक्टर आणि परदेशी मशीन करतात, वॉर्डातल्या पोरी नाही.’ प्रसूतिसेवा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातल्या स्टाफचेच गट करून त्यांनीच अडचण शोधायची आणि उपाय करून बघायचा, असं आहे. आमच्याकडचं सांगते. सारख्या नावाचे दोन पेशंट लिस्टवर लागोपाठ ठेवायचे नाहीत, मध्ये निदान तिसरा हवा, ही शक्कल थिएटरमधल्या एका ब्रदरची. फळ्यावर लेन्सचा नंबर लाल खडूने लिहायचा, ही एका शिकाऊ सिस्टरची. दोन्हीला खर्च आला तो खडूचा.