शटडाउन म्हटलं तर बंद हो ना बाबा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि कुडाळ, देवगड, राजापुरात कितीतरी जणांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतलं. चांगलंच केलं. पण हे विंडोज शेजारी कुणाला सुखाने राहू देईल तर शपथ! सातबारावर दोघांची नावं असताना एकाच भावाने सगळ्या घराला कुलूप लावावं, तशी याची वागणूक.

ते फास्ट स्टार्टअपच घ्या. शटडाउन दाबलं की मशीन बंद झालं असं आपण समजतो. झालेलं नसतं! कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, झोपवून त्याची प्रत डिस्कवर ठेवलेली असते आणि ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर फक्त वाचता येतो, एक फाईल सेव्ह होत नाही. लोक शिव्या घालतात लिनक्सला! कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची राखाडी सेटिंग्ज मोकळी करणारी लिंक दाबा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मोठ्या अपडेटनंतर ती परत आलीय का तेही बघा, कारण येते.

त्याहून संताप बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला सांकेतिक कुलूप लावणाऱ्या सोयीचा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने न विचारता चालू असतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी तपासणी, बंद केलं की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की कुठे? ज्या ऑनलाइन अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात. ते अकाउंट विकणाऱ्याने स्वतःच्याच ईमेलने उघडलेलं असलं तर? आणि जुलैत टॉवर बंद, लाईट गेलेली, मग की शोधणार कशी? म्हणून बायोसला हात लावायच्या आधी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा.

लिनक्सला जागा करायची तर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान (श्रिंक) करा. तिथेही अडवणूक! दोनशे जीबी रिकामे दिसतात आणि श्रिंक करायला जेमतेम वीस देतो, कारण पेजफाईल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि हायबरनेशनची (मशीन झोपवताना लिहिली जाणारी) फाईल मध्येच ठाण मांडून बसलेली असते. दोन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा. मिंट या लिनक्सच्या प्रकाराला पन्नास-साठ जीबी पुष्कळ झाले. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर हे काम पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय करू नका. श्रिंक चालू असताना लाईट गेली की फाईल सिस्टीमच जायची भीती. आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर हातच लावू नका.

एवढं सगळं नीट केलंत तरी ऑगस्ट २०२४ सारखा अपडेट येतो. लिनक्स सुरू करणारे जुने, असुरक्षित प्रोग्राम अडवणारा एसबॅट नावाचा बदल त्यात होता. ड्युअल बूटच्या, म्हणजे दोन्ही सिस्टीम असलेल्या, मशीनवर तो लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्ट म्हणाली होती. झाला! सुरू करताच 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश, आणि लिनक्स उघडेना. सिक्युअर बूट बंद करून, लिनक्समध्ये मोकयुटिल या कमांडने ती एसबॅट पॉलिसी काढून, रीस्टार्ट करून मग सिक्युअर बूट परत चालू करावं लागलं. कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने!

आणि साधा प्रकार म्हणजे अपडेटनंतर लिनक्सचा मेनूच दिसत नाही. मशीन दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर: "फॉरमॅट मारूचा लागतला." अहो, कशाला? दोन्ही सिस्टीम जागच्या जागी असतात, विंडोजने फक्त बूट ऑर्डरमध्ये स्वतःला पहिलं केलेलं असतं. एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून बूट मेनूत उबुंटूची (हाही लिनक्सचाच प्रकार) नोंद निवडा, मग बायोसमध्ये ती वर सरकवा. मिंटचीही नोंद तिथे बहुधा 'उबुंटू' याच नावाने असते. या दोन मिनिटांच्या कामासाठी लोकांचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, आंब्याच्या हिशोबाच्या फायली पुसल्या जातात, आणि वर फॉरमॅटचे पैसेही घेतात!