‘आफ्रिकन फ्रेंड’ म्हणजे नेमका कुठला?

आज डोकं सणकलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

भाचीच्या कॉलेजात ‘इंटरनॅशनल डे’ होता. परदेशी मुलांना फर्मान होतं, आपापल्या देशाचे कपडे घालून या, झेंडा आणा, नाच बसवा. निवेदकानं एका मुलाला ‘अवर आफ्रिकन फ्रेंड’ म्हणून स्टेजवर बोलावलं. अरे, तीन वर्षं तुमच्याच वर्गात बसतोय ना तो? नाव विचारायला काय झालं? आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत! मग वसुधैव कुटुंबकम् वर भाषण झालं, फोटो झाले, आणि जेवायला ती नऊ-दहा मुलं कोपऱ्यातल्या एका टेबलावर, बाकी सगळं कॉलेज दुसरीकडे.

मला माझी सुदानची रूममेट आठवत राहिली.

2004 साल, पुणे. परदेशी मुलींचं हॉस्टेल वेगळं होतं. ते भरलं म्हणून नाइलाजानं तिला माझ्या खोलीत टाकलं. पहिले तीन महिने आम्ही ‘हाय’ आणि ‘लाइट घालवू का’ यापलीकडे बोललो नाही. दिवाळीला मेस बंद झाली. सगळ्याजणी बॅगा भरत होत्या आणि ही कॉटवर बसून नुसती बघत होती. मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात परत गेले आणि तिचंही यवतमाळचं तिकीट काढलं.

त्या वर्षी रमजान आणि दिवाळी एकत्र आले होते. आईनं तिच्या वाटचं फराळाचं ताट दिवस मावळेपर्यंत झाकून ठेवलं. संध्याकाळी तिनं बॅगेतून एक पुडी काढली. आतलं लालभडक, सुकलेलं काहीतरी पाण्यात उकळलं, गाळलं, साखर घातली. म्हणाली, करकदे, आमच्याकडे रोजा सोडताना हे पितात. आईनं पुडी नाकाशी नेली आणि ओरडलीच, “अवं बाई, हे त अंबाडीचे बोंडं हायेत!” आणि परसातून ओली बोंडं तोडून आणून तिच्या ओंजळीत घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासभर ओट्यापाशी काय बोलत होत्या, देव जाणे.

म्हणून मला त्या वेगळ्या हॉस्टेलांचा राग येतो. मुलं एका खोलीत राहिली तरच काही होतं. नवीन शैक्षणिक धोरणातही परदेशी विद्यार्थी आणा म्हटलंय. आणा की! पण आल्यावर 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायला त्यांना मदत कोण करतं? घरमालकाला 24 तासांत परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवावी लागते, तेवढ्यालाच घाबरून ‘फॉरेनर्सना देत नाही’ म्हणणारे किती भेटतात! माझी रूममेटही तेव्हा नोंदणीला एकटीच जायची पोलीस आयुक्तालयात. मी एकदाच गेले सोबत. अजून लागतं मनाला.

हो, ती मुलंही आपापल्यात राहतात. राहतात. आपण नाही का परदेशात पोचल्या पोचल्या महाराष्ट्र मंडळ शोधत? आणि ठीक आहे, काहीच नसण्यापेक्षा असा एक दिवस बरा. एवढंच.

15 एप्रिल 2023 ला सुदानच्या राजधानीत, खार्टुममध्ये लढाई पेटली. माझ्या रूममेटचं घर नदीपलीकडे, ओमदुरमानला. अकरा दिवस माझ्या मेसेजवर एकच टिक. बाराव्या दिवशी कैरोहून उत्तर आलं. स्वतःबद्दल एक ओळ, आणि खाली, “आई कशी आहे?”

आई फोनवर ते ऐकून रडली.

आज जेवणं झाल्यावर मी त्या मुलाच्या टेबलावर जाऊन बसले. मलावीचा आहे तो. तीन वर्षांत एकाही वर्गमित्राच्या घरी गेलेला नाही. रविवारी दोन मित्रांना घेऊन आमच्याकडे जेवायला येतोय. आई बोंडं पाठवते म्हणाली, पण रविवारपर्यंत पोचायची नाहीत. पुण्यात कुणाकडे वाळवलेली अंबाडीची बोंडं असतील तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन.