अर्ध्या इंची पाइपाचा हिशेब

इंदूरच्या राजेंद्र नगरातील आमच्या घराच्या फाटकावर जाईचा वेल चढविण्यासाठी एक कमान असावी, असे सौभाग्यवतींच्या मनात आले, आणि तेवढ्यासाठी वेल्डिंगवाल्याला पैसे देण्याचे कारण नाही, असे माझ्या मनात आले. पुढचा सर्व अनर्थ या दुसऱ्या विचारातून उद्भवला. मी पदवीने यांत्रिक अभियंता असून पोटापाण्यासाठी बत्तीस वर्षे बँकेत व्याजाची आकडेमोड केली आहे, त्यामुळे पाइप वाकविण्यापूर्वी त्याला किती जोर लागेल याचा अंदाज काढणे मला क्रमप्राप्त वाटले.

सियागंजातून अर्ध्या इंचाचा जीआय पाइप आणला आणि व्हर्नियरने मोजला. बाहेरचा व्यास 21.3 मिलिमीटर भरला, आतला 16.1. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, तेव्हा या पाइपात अर्धा इंच कोठेही नाही. जहागीरदार आडनावाच्या माणसाकडे जहागीर असतेच असे नाही, हे होळकरांच्या गावात राहून मला कळायला हवे होते.

मग कागद घेतला. बाहेरच्या व्यासाच्या घनातून आतल्या व्यासाचा घन वजा करावा, बाकीला सहाने भागावे, आणि साधे पोलाद ज्या ताणाला कायमचे नमते त्या ताणाने, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे 250 न्यूटनने, गुणावे. उत्तर सुमारे 229 न्यूटन-मीटर आले. हात आधारापासून अर्ध्या मीटरवर धरला, तर हे 47 किलोंच्या रेट्याइतके होते. माझे वजन 64 किलो आहे. सतरा किलो शिल्लक राहतात हे पाहून मला बँकेतल्यासारखे समाधान वाटले.

ही वार्ता घराबाहेर गेल्यावर सल्ले येऊ लागले. मेहुण्यांनी पाइप लालबुंद तापवून वाकवा म्हणून सांगितले. तापल्यावर पोलाद मऊ होते हे खरे, परंतु जीआयवर जस्ताचा मुलामा असतो आणि त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो, हे मी त्यांना समजावले; ते रुसले. शेजारच्या काकांनी मात्र पाइपात कोरडी, चाळलेली वाळू ठासून दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारायला सांगितले, आणि ते बरोबर होते. पोकळ नळी वाकताना चपटी होत जाते आणि चपटी झाली की आणखी सहज वाकते, हे ब्रेझियर नावाच्या संशोधकाने 1927 साली गणिताने दाखविले होते. काकांनी ब्रेझियर वाचलेला नव्हता. त्यांचे उभे आयुष्य सायकलच्या दुकानात गेले होते.

आधार म्हणून मी खिडकीचे ग्रिल निवडले. पाइपाचे टोक एका गजाच्या पुढून आणि त्याच्या शेजारच्या, दहा सेंटिमीटरवरच्या गजाच्या मागून घातले, देवाचे नाव घेतले आणि अंग टाकले. काहीतरी वाकल्याचा स्पष्ट प्रत्यय आला. सौभाग्यवतींनी आतून "झाली का हो कमान?" असे विचारले, तेव्हा मी पाइपाकडे पाहिले. तो काठीसारखा सरळ होता. एक गज मात्र घरात शिरला होता आणि दुसरा अंगणात आला होता.

तरफेचा नियम मी शाळेपासून जाणतो. फक्त तो ग्रिललाही लागू होतो हे मला सुचले नव्हते. अर्ध्या मीटरवर 47 किलो लावायचे, तर लांबच्या गजावर पाचपट म्हणजे 235 किलो आणि जवळच्या गजावर सहापट म्हणजे 282 किलो येणार. गज होते दहा मिलिमीटर चौकोनी, त्यांनी त्याच्या कितीतरी अगोदरच मान टाकली. तुळईच्या बळाचा हिशेब मांडताना 1638 साली गॅलिलिओचाही अंदाज तिप्पट चुकला होता, असे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्याने घरचे ग्रिल वाकविले होते का, एवढेच त्यांनी विचारले.

अखेरीस वेल्डिंगवाला आला. "भिया, खिड़की से कौन मोड़ता है," एवढेच म्हणून त्याने पाइप आपल्या दुकानात नेला, जमिनीत पक्क्या बसविलेल्या खाचेच्या चकतीभोवती लांब दांड्याने तो वळविला आणि अर्धवर्तुळाच्याही थोडा पुढे नेऊन सोडला. पाइप आपसूक मागे येऊन नेमका अर्धवर्तुळावर थांबला. माझ्या हिशेबाने तो सुमारे पंधरा अंश मागे यायला हवा होता. "कित्ता आगे ले जाना है, कैसे मालूम?" असे मी विचारले, तेव्हा तो माझ्याकडे करुणेने पाहत राहिला.

कमानीवर आता जाई चढली आहे. ग्रिल सरळ करण्याचे त्याने वेगळे पैसे सांगितल्यामुळे ते काम मी पुढे ढकलले आहे. शेजाऱ्यांची लठ्ठ मांजर, जी इतकी वर्षे त्या गजांपाशी थबकून परत जात असे, ती हल्ली रोज सकाळी दूध तापायच्या वेळेला स्वयंपाकघरात हजर असते.