ॲक्टिव्हिटीचा रकाना कोरा आहे म्हणून परदेश बंद होत नाही

बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी एक मेसेज फिरतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच: ‘मार्क कितीही असोत, खेळ, स्पर्धा, समाजसेवा यातलं काही नसेल तर परदेशी विद्यापीठ विसरा. भारतात फक्त मार्क बघतात, इथेच राहा. नाहीतर आत्तापासून सर्टिफिकेटं गोळा करा.’ मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. हा मेसेज वाचून धास्तावलेली मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘परदेशात ॲक्टिव्हिटी बघतात.’ परदेशात म्हणजे कुठे? हार्वर्ड, येल यांच्यासारख्या अमेरिकी विद्यापीठांपुरतं हे खरं आहे. तिथे नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळणं फार अवघड, हे मी मुलांना स्पष्ट सांगतो. पण ऑक्सफर्डची निवड अभ्यासातल्या कुवतीवरच होते. विषयाशी संबंध नसेल तर कबड्डीच्या कपाला तिथे वजन नाही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठी भरायच्या यूकास या सामाईक अर्जात २०२६च्या प्रवेशांपासून तीन प्रश्न असतात: हाच विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिसऱ्या प्रश्नातही त्या अनुभवाचा विषयाला काय उपयोग, हेच विचारलेलं असतं.

जर्मनीत अडचण वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिच्याबद्दल चकार शब्द नाही. आपल्या नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात साधारणपणे थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक शाखांचा रस्ता उघडतो. नाहीतर आधी इथे पदवीचं एक वर्ष किंवा तिथे स्टुडिएनकोलेगचा पूर्वतयारी अभ्यासक्रम. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांकडून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या पुढे. घरात बसून बोलायचं ते यावर. वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस नाही म्हणून रडायचं कशाला?

‘भारतात फक्त मार्क बघतात.’ सीईटी आणि तिच्यावरच्या सामाईक प्रवेश फेऱ्या, म्हणजे कॅप राउंड, एवढ्यापुरतं म्हणाल तर बरोबर, तिथे पर्सेंटाइल बोलतो. पण आयआयटी मद्रासने २०२४पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत, दिल्ली विद्यापीठात कला-क्रीडेचा कोटा आहे, आणि पुण्याचं फ्लेम किंवा सोनीपतचं अशोका निबंध लिहून घेतं, मुलाखत घेतं.

‘आमच्या मुलाकडे दाखवायला काहीच नाही.’ मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे वाक्य. गेल्या वर्षी एक मुलगी अमेरिकेचा कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामाईक अर्ज, घेऊन माझ्यासमोर बसली होती. सगळं भरलेलं, ॲक्टिव्हिटीचा रकाना तेवढा कोरा. विचारलं, ‘कॉलेजला येण्याआधी काय करतेस गं?’ म्हणाली, ‘काही नाही सर, डेअरीवर असते.’ वडिलांचं दूध संकलन केंद्र. पहाटे पाचपासून ही माप घेते, दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) बघते, प्रत्येकाच्या नावावर लिटर चढवते, दर दहा दिवसांनी बिलं काढते. हिशोब चुकला तर शेतकरी भांडायला हिच्याकडेच येतो. आणि ही म्हणते, काही नाही!

त्या अर्जात दहा ॲक्टिव्हिटींची जागा असते, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. प्रकारांच्या यादीत पगारी काम आहे, घरची जबाबदारीही आहे. एमआयटीच्या अर्जात तर चारच मागतात. धाकट्या भावाला सांभाळणं, आजीला डायलिसिसला नेणं, दुकानाची उधारी लिहिणं, हे सगळं तिथे लिहिता येतं. आम्ही ते कधी मोजलंच नाही.

सर्टिफिकेटं गोळा करण्याबद्दल एकच सांगतो. अर्जातली माहिती खरी आहे असं मुलाला स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही जातो. पैसे देऊन घेतलेल्या कागदापायी पोराला या फासात अडकवू नका, हात जोडून सांगतो.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. परदेश बारावीनंतरच गाठला पाहिजे असं कुठे आहे? आपली कितीतरी मुलं इथे बीई करून एमएसला जातात. तिथे बघतात पदवीचे मार्क, प्रोजेक्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रं. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेली राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे.

त्या मुलीने शेवटी अर्ज पाठवला नाही. कर्जाला जमीन तारण ठेवावी लागली असती, ते तिला नको होतं. कॅप राउंडमधून पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. रकाना मात्र तिने भरला होता. डेअरीचं सगळं काम १५० अक्षरांत बसवायला तिला तीन दिवस लागले, आणि तो कागद तिने एमएससाठी जपून ठेवला आहे.