अल्बाट्रॉसचं अंडं हवेत फुटत नाही

"अल्बाट्रॉस जन्मभर जमिनीला पाय लावत नाही. पंख न हलवता उडतो. उडता उडताच अंडं घालतो, ते समुद्रात पडायच्या आत पिल्लू बाहेर येऊन भरारी घेतं. त्याला जगात शत्रू नाही. तुम्हीही असेच बना!" साताऱ्यातल्या निम्म्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. सोडून दिलं असतं, पण आता पाचवीतल्या भाचीने तो परिपाठासाठी वहीत उतरवून घेतलाय. चाळिशीत दगडावर चोच आपटणारा गरुड झाला, आता हा.

हवेत फुटणारं अंडं ही होमा या काल्पनिक पक्ष्याची जुनी गोष्ट. रामकृष्ण परमहंस ती दाखला म्हणून सांगत, आणि दाखला म्हणून ती ठीकच आहे. मेसेजमधला फोटो मात्र भटक्या अल्बाट्रॉसचा आहे. त्याचं अंडं अर्ध्या किलोच्या आसपास भरतं आणि उबायला साधारण 78 दिवस लागतात. हा पक्षी बहुतेक वेळ लाटांपासून 15-20 मीटरच्या आतच उडतो. 15 मीटरवरून पडलेलं अंडं पावणेदोन सेकंदांत पाण्यात. राहिलेले 78 दिवस कुठून आणायचे?

घरटं असतं दक्षिण महासागरातल्या बेटांवर. चिखल आणि गवत थापून केलेला, मध्ये खोलगट असा ढिगारा. त्यात डिसेंबर-जानेवारीत एकच अंडं. नर-मादी पाळीपाळीने बसतात, एकेक पाळी दोन-तीन आठवड्यांचीही होते. पुढे पिल्लू नऊ महिने तिथेच, अख्खा हिवाळा त्या ढिगाऱ्यावर काढतं. हे सगळं मिळून जवळपास वर्ष जातं, म्हणून पिल्लू वाढवलेली जोडी वर्षाआड अंडं घालते, आणि तीही वयाच्या दहाव्या वर्षाच्या आगेमागे सुरुवात करते.

जमिनीला पाय न लावणं? बरं, अर्धं खरं. घरटं सोडलेलं पिल्लू पाच-सहा वर्षं बेटाकडे फिरकत नाही. पण ते पाण्यावर बसतं, तिथेच माकुल (स्क्विड) खातं. 1990 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या पक्ष्यांचा उपग्रहाने घेतलेला माग छापून आला. अंडं उबवण्याच्या दोन पाळ्यांमध्ये पक्षी 3,600 ते 15,000 किलोमीटर फिरून आले. कुठे परत आले? घरट्यावर, जमिनीवर.

पंखांचं जवळपास बरोबर आहे. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उंच का उभारतात? खाली वारा मंद, वर जोराचा. समुद्रावरही तेच, हा पक्षी त्या फरकावर वर-खाली होत पुढे जातो. खांद्यातला स्नायुबंध पंख पसरलेले धरून ठेवतो. वारा पडला की मात्र मुकाट पाण्यावर बसतो.

"शत्रू नाही" हे वाक्य मात्र सरळ घातक आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत हा पक्षी असुरक्षित गटात आहे. ट्यूनासाठी सोडलेल्या मैलोन्‌मैल दोरांवर हजारो गळ असतात. आमिष बुडायच्या आत पक्षी झडप घालतो, गळ अडकतो आणि दोरासोबत तोही खाली जातो. उपाय साधे आहेत: दोर रात्री सोडायचे, वजन लावून पटकन बुडवायचे, वर फडफडत्या पट्ट्या लावायच्या. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाभोवती हे सक्तीचं केल्यावर तिथे मरणारे पक्षी जवळपास शून्यावर आले.

दुसरा शत्रू आपल्या माळ्यावरचाच, घरातला लहान उंदीर. जगातले सुमारे पाव भटके अल्बाट्रॉस दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर घरटी करतात. सील मारणाऱ्या जहाजांतून तिथे उंदीर उतरले. रात्री ते पिल्लाच्या डोक्यावर चढून कातडी कुरतडतात. कित्येक किलोचं पिल्लू चोच मारत नाही, उठत नाही. जमिनीवरचा शिकारी त्याच्या पिढ्यांनी पाहिलेलाच नाही. 2003 मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं, 2023 मध्ये उंदरांनी मारलेले मोठे पक्षीही सापडले. उपाय एकच, हेलिकॉप्टरने अख्ख्या बेटावर विषारी दाणे, एक घळही न सोडता. दक्षिण अटलांटिकमधल्या गफ बेटावर 2021 मध्ये असंच केलं. थोडे उंदीर वाचले आणि पुन्हा वाढले.